कोणती माती, कोणता रंग

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कापडाला रंग देणारा म्हणण्यासारखा उद्योग नाही. कुडाळची एमआयडीसी लहान, काजूचे कारखाने गावोगाव विखुरलेले, आणि सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना रंग लागून लागून लागणार किती! रंगीत सांडपाण्याचा प्रश्न इचलकरंजीचा, भिवंडीचा, सोलापूरचा, डोंबिवलीचा. पण त्यावरचा स्वस्त उपाय म्हणून गेली काही दशके ज्या खनिजांची नावे संशोधनपत्रिकांत येत आहेत, त्यांतली बरीच या जिल्ह्यात सापडतात. सड्यांवर जांभा आहे, चिनी माती आहे, कासार्डे-फोंड्याकडे सिलिका वाळू आहे, रेडी आणि कळण्याला लोहखनिज आहे. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून पाहिले की या विषयाची दुसरी बाजू आधी दिसते. ही खनिजे इतकी मुबलक आणि कागदावर इतकी गुणकारी असतील, तर सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रांची मुख्य भिस्त अजून तुरटी, चुना, लोखंडाचे क्षार आणि जिवाणू यांच्यावरच का?

रंग ही प्रदूषणाची सर्वांत आधी डोळ्यांत भरणारी बाजू, म्हणून सर्वांत बोभाटा होणारीही. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्याच एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि थेट मुख्यमंत्री पाहणीला गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली. कासाडी नदीच्या पाण्याबद्दल तिथले मच्छीमार त्याआधीपासून तक्रारी करत होते, पण देशभर गाजली ती कुत्री. यात नवल नाही. कित्येक रंग लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमहून कमी असले तरी डोळ्याला कळतात. त्याच पाण्यात मूठभर मीठ विरघळलेले असले तरी ते दिसत नाही.

म्हणूनच ‘रंग गेला’ आणि ‘विष गेले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. कापडाच्या रंगांत मोठा वाटा अ‍ॅझो वर्गाचा असतो. हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंच्या टाकीत अ‍ॅझो बंध तुटतो, पाणी फिके पडते आणि मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन उरतात. त्यांतली काही मूळ रंगाहून घातक असतात. भारताने १९९० च्या दशकात बेंझिडीनवर आधारलेले ४२ आणि घातक अमाइन देणारे ७० असे एकूण ११२ रंग बंद केले, त्यामागे हीच भीती होती. खनिजावर रंग चिकटवण्याच्या पद्धतीचा एक प्रामाणिक फायदा इथे मान्य करायला हवा: रंगाचा रेणू तोडला जात नाही, जसाच्या तसा उचलला जातो. अर्थात तो उचलून ठेवायचा कुठे, हा प्रश्न त्याच वेळी जन्माला येतो. त्याकडे पुढे येऊच.

ऑक्टोबर २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने कापड उद्योगाच्या सांडपाण्यातील रंगाला आकड्यात मर्यादा घातली: प्लॅटिनम-कोबाल्ट मापावर १५० एकके. जोडीला पाण्याची प्राणवायूची मागणी मोजणारे बीओडी ३०, सीओडी २५० आणि विरघळलेले एकूण क्षार २१०० मिलिग्रॅम प्रतिलिटर. यांतला शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. मातीचे सगळे गणित तोच बिघडवतो.

अधिशोषण म्हणजे पृष्ठभागावर चिकटणे. कोकणात पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ चढते, भिंतीच्या आत शिरत नाही, तसे. त्यामुळे पदार्थ किती आहे यापेक्षा त्याचा पृष्ठभाग किती उघडा आहे याला किंमत असते. कोळसा वायू धरून ठेवतो हे शेलेने १७७३ मध्ये पाहिले, तो द्रवातला रंग ओढतो हे लोविट्झने १७८५ च्या सुमारास. फ्रॉइंडलिशने १९०६ मध्ये आणि अर्व्हिंग लँगम्युरने १९१८ मध्ये या चिकटण्याची समीकरणे मांडली. लँगम्युरला पुढे १९३२ चे नोबेलही मिळाले. आज या विषयावरचा जवळपास प्रत्येक शोधनिबंध याच दोन समीकरणांत आपले आकडे बसवतो आणि आपल्या मातीने एका ग्रॅमला किती मिलिग्रॅम रंग घेतला ते सांगतो. तुलना होते ती सक्रिय कार्बनशी. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर असतो. तो नारळाच्या करवंटीपासूनही होतो, पण स्वस्त नाही. ‘कार्बन महाग, माती स्वस्त’ हे या सगळ्या संशोधनाचे सुरुवातीचे वाक्य असते, आणि माझ्या मते पहिली घसरगुंडीही.

मातीचा प्रश्न फक्त पृष्ठभागाचा नाही, विद्युतभाराचा आहे. चिनी माती म्हणजे केओलिनाइट. तिचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून पाणी किंवा रंग आत शिरत नाही. ग्रॅमला जेमतेम दहावीस चौरस मीटर बाहेरचा पृष्ठभाग कामाला येतो. कच्छ आणि बारमेरकडे निघणाऱ्या बेंटोनाइटमधले माँटमोरिलोनाइट मात्र पाण्यात फुगते, थर उघडतात आणि एकूण पृष्ठभाग ७०० चौरस मीटरच्या पुढे जाऊ शकतो. दोघांचेही थर ऋणभारित असतात. तो भार मिटवायला सोडियम, कॅल्शियम यांसारखे धन आयन चिकटलेले असतात आणि त्यांच्या जागी दुसरा धनभारित रेणू बसू शकतो. ही अदलाबदलीची क्षमता माँटमोरिलोनाइटमध्ये १०० ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट असते, केओलिनाइटमध्ये ३ ते १५.

आता मेथिलीन ब्लू घ्या. हाइनरिख कारोने १८७६ मध्ये बीएएसएफमध्ये बनवलेला हा निळा रंग धनभारित असतो आणि त्याचा रेणुभार सुमारे ३२०. गणित सोपे आहे. ग्रॅममागे एक मिलिइक्विव्हॅलंट क्षमतेची माती या रंगाचे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास घेणार, चिनी माती दहापासून फार तर पन्नासपर्यंत. शोधनिबंधांतले आकडे बहुतेक वेळा याच पट्ट्यात येतात. म्हणजे प्रयोगाआधीच उत्तर ठाऊक असते. इतकेच नाही, मातीचा पृष्ठभाग मोजायला आणि बांधकामाच्या वाळूत चिकणमाती किती आहे हे तपासायला हाच मेथिलीन ब्लू वापरतात, तो चिकणमातीला हमखास चिकटतो म्हणूनच. ज्या रंगाने माती मोजायची, त्याच रंगावर तिची परीक्षा घ्यायची आणि मग ‘औद्योगिक सांडपाण्यावर आशादायक उपाय’ असे शेवटी लिहायचे, हा प्रकार हजारो निबंधांत चाललेला आहे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना दोष देण्यात अर्थ नाही. मेथिलीन ब्लू स्वस्त आहे, हाताळायला सोपा आहे आणि साध्या कलरीमीटरवर मोजता येतो. पण असा निबंध हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: कापड रंगवणाऱ्या खऱ्या प्रोसेस हाऊसचे पाणी कुठे वापरले आहे का? बहुधा नसते.

सुती कापडाच्या धंद्यात मेथिलीन ब्लूसारखे रंग फारसे नसतातच. धनभारित रंग अ‍ॅक्रिलिक धाग्याला आणि कागदाला लागतात. सुतावर राज्य रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचे. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये ‘प्रोसिऑन’ नावाने ते बाजारात आणले. ते सुताच्या धाग्याशी थेट रासायनिक बंध करतात, म्हणून धुऊन जात नाहीत. पण सगळा रंग धाग्याला लागत नाही. रंगागणिक आणि पद्धतीगणिक दहा टक्क्यांपासून कधी निम्म्यापर्यंत रंग पाण्याशीच बांधला जाऊन गटारात जातो. पाण्यात सहज विरघळावे म्हणून या रंगांना सल्फोनेटचे गट जोडलेले असतात, म्हणजे ते ऋणभारित असतात. ऋणभारित माती, ऋणभारित रंग. चिनी माती किंवा कच्चे बेंटोनाइट अशा पाण्यात ढवळले तर पाणी गढूळ होते. रंग बहुतांश तसाच राहतो.

जांभ्याची गोष्ट इथे वेगळी आहे, आणि सिंधुदुर्गाच्या दृष्टीने मुद्द्याची. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये मलबारातल्या दगडाचे वर्णन करून ज्याला लॅटराइट म्हटले, तोच आपला चिरा. पावसाने लाखो वर्षे सिलिका आणि क्षार धुऊन नेले की मागे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे राहतात: गोएथाइट, हेमॅटाइट, गिब्साइट, सोबत थोडी केओलिनाइट. या ऑक्साइडांचा भार कायमचा नसतो, पाण्याच्या सामूवर ठरतो. सामू सातआठच्या खाली असेल तर पृष्ठभाग धनभारित, वर गेला की ऋणभारित. म्हणजे आम्लधर्मी किंवा उदासीन पाण्यात जांभा ऋणभारित रंगाला धरू शकतो. चिनी मातीला न जमणारे काम तो करतो. पण रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा हौद सोडा घालून सामू दहा-अकरापर्यंत नेलेला असतो. तसेच पाणी जांभ्यावर सोडले तर काही हाती लागणार नाही. आधी ते उदासीन करावे लागेल. हे अवघड नाही, प्रक्रिया केंद्रात ते होतेच.

अवघड आहे ते मीठ. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याकडे ढकलायला लिटरमागे ४० ते १०० ग्रॅमपर्यंत साधे मीठ किंवा ग्लॉबर मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट, घालतात. धुण्याच्या पाण्यात मिसळून ते विरळ होते, तरी एकत्रित सांडपाण्यात क्लोराइड आणि सल्फेट रंगाच्या कितीतरी पट असतात. रंगाचा सल्फोनेट गट जांभ्याला सैलच धरतो, त्यामुळे सल्फेटची गर्दी त्याला सहज हुसकावते. ऊर्ध्वपातित पाण्यात ग्रॅमला चांगले आकडे देणारा नमुना प्रोसेस हाऊसच्या पाण्यात त्याच्या अंशावर येतो तो याने. आणि मीठ स्वतः? ते कोणत्याही मातीला चिकटत नाही. पाणी नितळ झाले तरी २१०० ची मर्यादा ओलांडलेलीच राहते. तमिळनाडूत तिरुप्पूरने नोय्यल नदीची जी अवस्था केली ती मुख्यतः या मिठाने. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथली रंगकामे बंद करायला लावली आणि शेवटी पटलशुद्धी, म्हणजे मेम्ब्रेनमधून गाळणी, करून उरलेले पाणी आटवण्याच्या खर्चिक वाटेवर त्या उद्योगाला जावे लागले. अशा साखळीत खनिजाला जागा असेल तर ती पटलाआधीची, पटल रंगाने आणि तेलाने चोंदू नये एवढ्यापुरती. इचलकरंजीत पंचगंगेच्या काठीही याहून वेगळे उत्तर निघेल असे मला वाटत नाही.

आता वजनाचे गणित. दिवसाला दहा लाख लिटर पाणी आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग धरू. म्हणजे रोज १०० किलो रंग. ग्रॅमला ५० मिलिग्रॅम घेणारी माती असेल तर रोज दोन टन माती लागेल, तीही शेवटच्या कणापर्यंत भरली तर. कच्चा जांभा खऱ्या पाण्यात ग्रॅमला पाच मिलिग्रॅमपर्यंत आला असे मानले तर रोज वीस टन, म्हणजे करूळ किंवा फोंडा घाट चढून जाणारे दोन ट्रक. ती माती पाण्यात भिजून बाहेर येते. दाबून पाणी काढले तरी निम्मे वजन पाण्याचे राहते. आत वीस टन गेले, बाहेर चाळीस टन आले. आणि हे एका मध्यम कारखान्याच्या पाण्यापुरते.

हा गाळ शेतात टाकता येत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३ या क्रमांकाखाली येतो. तो राज्यातल्या घातक कचरा केंद्रांकडे, म्हणजे तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी टनाच्या दराने पाठवावा लागतो. आणताना मातीमोल असलेली माती जाताना मातीमोल राहत नाही. शोधनिबंधांत ‘कमी खर्चाचे’ हे विशेषण जवळजवळ नेहमी पहिल्या भावावरून लावलेले असते, दुसऱ्या भावाचा उल्लेखही नसतो. महाग कार्बनची बाजू इथे उलटते: तो कमी लागतो आणि भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतो. चिकणमाती तशी तापवता येत नाही. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान केओलिनाइटची रचनाच मोडते, माँटमोरिलोनाइटचे थर मिटतात. मिठाच्या किंवा अल्कलीच्या द्रावणाने धुऊन रंग सोडवता येतो, पण मग रंग आणि मीठ दोन्ही असलेले नवे सांडपाणी समोर येते.

वापरलेल्या मातीच्या विटा करा, असा सल्ला बरेच जण देतात. सेंद्रिय रंग भट्टीत जळून जातो हे खरे. पण काही रंगांत तांबे असते, काहींत क्रोमियम. भट्टीच्या हवेत, अल्कलीच्या संगतीने क्रोमियम सहासंयुजी होऊ शकते, म्हणजे अधिक विषारी आणि पाण्याबरोबर सुटणारे. सिमेंटची भट्टी मला जास्त पटते. तिथे तापमान १४५० अंशांच्या घरात असते आणि सिमेंटला लोखंड-अ‍ॅल्युमिना पुरवायला जांभा तसाही कच्चा माल म्हणून घालतात. रंग जळेल, जांभा क्लिंकरमध्ये जाईल. अडचण एकच, पुन्हा मीठच: भट्टीला क्लोराइड चालत नाही, म्हणून गाळ आधी धुवावा लागेल.

मातीने रंग काढण्याचा एक उद्योग मात्र जगभर यशस्वी आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला आहे. खाद्यतेल रिफाइन करताना आम्लाने सक्रिय केलेली बेंटोनाइट माती गरम तेलात ढवळतात. हरितद्रव्य, कॅरोटीन, साबणाचे अंश ती उचलते आणि तेल फिके होते. मुलतानी मातीने लोकरीतला तेलकटपणा काढण्याची रीत तर त्याहून किती जुनी. इथे का जमते? तेलात मीठ नाही, जागेसाठी भांडणारे पाणी नाही, मातीचे प्रमाण टक्क्याच्या आसपास आणि माल महाग. तरीही वापरलेल्या मातीत बरेच तेल अडकून राहते आणि तिचा ढीग हवेत आपोआप पेटू शकतो. यशाच्या उदाहरणातही शेवटचा टप्पाच डोकेदुखी ठरला आहे.

झिओलाइटबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण महाराष्ट्राला त्याचा अभिमान आहे. पुणे, नाशिक, जळगावच्या बसाल्टच्या पोकळ्यांतले हेउलंडाइट आणि स्टिल्बाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण ते शोभेचे स्फटिक. पाणी शुद्ध करायला जे नैसर्गिक झिओलाइट टनांनी वापरतात ते क्लिनोप्टिलोलाइट, आणि ते ज्वालामुखीच्या राखेच्या खडकांत सापडते. त्याच्या जाळीची दारे नॅनोमीटरपेक्षा लहान, रंगाचा रेणू त्याहून मोठा. म्हणून रंगासाठी ते जवळजवळ निरुपयोगी, आणि अमोनियम, शिसे, सीझियमसाठी उत्तम. चेर्नोबिल आणि फुकुशिमा दोन्हीकडे किरणोत्सारी सीझियम पकडायला झिओलाइट आणले ते याच कारणाने. नागपूरच्या नीरीने औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून झिओलाइट बनवण्याचे काम केले आहे. चंद्रपूर, कोराडी, परळीच्या राखेचे डोंगर पाहता ती दिशा योग्यच होती, फक्त तिच्याकडून रंगाची अपेक्षा करू नये.

ऋणभारित मातीला ऋणभारित रंग घ्यायला लावायचे दोन मार्ग सापडले आहेत. एक म्हणजे लांब शेपटीचा धनभारित साबण मातीत घुसवायचा. माती सेंद्रिय होते आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंग घेते. पण तो साबण मातीहून कितीतरी महाग, जलचरांना विषारी आणि हळूहळू सुटणारा. दुसरा, हायड्रोटाल्साइटसारखी मुळातच धनभारित थरांची संयुगे. तापवून कोरडी केलेली ही संयुगे पाण्यात आपली रचना परत मिळवताना ऋण आयन थरांत ओढून घेतात. प्रयोगशाळेत त्यांचे आकडे कार्बनला मागे टाकतात. सांडपाण्यातल्या कार्बोनेटसमोर मात्र ती हरतात, आणि ती खाणीतून निघत नाहीत, बनवावी लागतात.

इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रक्रिया केंद्रात फेरिक क्लोराइड टाकले की पाण्यात लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा ताजा साका तयार होतो. त्याचा पृष्ठभाग ग्रॅमला काही शे चौरस मीटर असतो आणि रसायन जांभ्याचेच. निसर्गाने युगानुयुगे वाळवून घट्ट केलेला पदार्थ तिथे काही सेकंदांत, ओला आणि उघडा असा बनतो. म्हणजे जांभ्याची कल्पना प्रक्रिया केंद्रांनी नाकारलेली नाही. तिचे जास्त कार्यक्षम रूप ती रोज वापरत आहेत. दळलेल्या चिऱ्याला रंगाच्या बाबतीत या साक्याशी स्पर्धा करायची आहे, कार्बनशी नव्हे, आणि ती स्पर्धा तो बहुधा हरेल.

मग जांभ्याचे काय? जिथे प्रदूषक थोडे, घट्ट चिकटणारे आणि पाणी कमी खारट, तिथे त्याची खरी जागा आहे. आर्सेनिकचे उदाहरण सर्वांत पक्के. आयआयटी खरगपूरमध्ये सिरशेंदु डे यांच्या गटाने जांभ्यावर आम्ल आणि अल्कलीची प्रक्रिया करून पश्चिम बंगालच्या गावांसाठी आर्सेनिक गाळणी तयार केली. आर्सेनिकचे आयन लोखंडाच्या ऑक्साइडशी थेट बंध करतात, मिठाला ते जुमानत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या विहिरींतल्या फ्लोराइडवरही जांभा चालतो, पण कमी ताकदीने. तिथे तुरटी-चुन्याचे नलगोंडा तंत्र आणि सक्रिय अ‍ॅल्युमिना यांच्याशी त्याची गाठ आहे.

आणि फॉस्फेट. कोकणातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: जांभ्याच्या लाल जमिनीत सुपर फॉस्फेट टाकावे आणि पिकाला पोचण्याआधी जमिनीने ते धरून ठेवावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात जो दोष मानला जातो, तोच सांडपाण्यात गुण ठरतो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला. तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले इथली हॉटेले आणि घरगुती निवासस्थाने वाढली आणि त्यांचे मैलापाणी बहुतेक सेप्टिक टाकीतून वाळूत मुरते. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. वाळू फॉस्फेट धरत नाही. समोर १९८७ मध्ये जाहीर झालेले २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळांना पोषकद्रव्ये कमी असलेले स्वच्छ पाणी लागते. सेप्टिक टाकीनंतर जांभ्याच्या खडीचा एक थर ही या किनाऱ्यापुरती मला सर्वांत शहाणी वाटणारी योजना. इथे भरलेल्या जांभ्याचा प्रश्नही सोपा आहे: त्यात रंग नाही, जड धातू नगण्य, आणि फॉस्फेट आहे. जंतूंची काळजी घेऊन, ऊन देऊन तो काजूच्या बागेत टाकता येईल, जरी त्यातले फॉस्फेट झाडाला सावकाशच मिळेल.

बेंटोनाइटला हे जमणार नाही, याचे कारण अगदी साधे आहे. ते पाण्यात फुगून लगदा होते आणि गाळणी तुंबते. टाकीत ढवळून मग निवळायला ठेवावे लागते. चिऱ्याची खडी पाणी वाहू देते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात हा फरक दिसत नाही, मातीने भरलेल्या नळीत दिसतो.

उरतो खाणीचा प्रश्न. नवी खाण उघडून सांडपाणी शुद्ध करणे हा व्यवहार सिंधुदुर्गात तरी कोणी मांडू नये. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीत साठलेले पाणी बांध फोडून बाहेर आले आणि लाल चिखल घरांत, बागायतीत शिरला. सिलिका धुतलेले गढूळ पाणी आणि खाणींवरून पावसात वाहणारा लाल गाळ हेच इथले खरे ‘रंगीत सांडपाणी’. पण चिरेखाणीत मशीनने चिरा कापताना जी लाल भुकटी पडते, तिला आज मोल नाही. गोव्यात २०१२ मध्ये खाणकाम थांबल्यावर उरलेले मातीचे ढीग सीमेपलीकडे उभेच आहेत, आणि बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याचा लाल गाळही दूर नाही. या शेवटच्यात लोखंडाची ऑक्साइडे भरपूर, पण सामू इतका चढा की आधी तोच उतरवावा लागेल. एप्रिल २०१९ मध्ये झारखंडातल्या मुरीला लाल गाळाचा डोंगर घसरला तेव्हा तो नुसता साठवणेही किती धोक्याचे हे कळले. भुकटी आणि ढीग वापरले तर खाणीचा नवा घाव नाही. फक्त प्रत्येक ढिगाची आर्सेनिक, मँगनीज आणि क्रोमियमसाठी तपासणी आधी व्हायला हवी. कणकवलीजवळ वागदे-जानवलीला क्रोमाइट आहे, तेव्हा तिथल्या भुकटीबाबत ही तपासणी निव्वळ औपचारिकता नव्हे.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना करण्याजोगे काम इथे पुष्कळ आहे आणि त्यासाठी मोठी उपकरणे लागत नाहीत. चिरेखाणीची भुकटी आणि दोन ते पाच मिलिमीटरची खडी घ्यावी, मेथिलीन ब्लू बाजूला ठेवावा, आणि देवबागच्या सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी महिनोन्‌महिने एकाच नळीतून सोडावे. उन्हाळ्यात विहिरी खारट होतात तेव्हाचे पाणी आणि ऑगस्टमधले पाणी वेगवेगळे तपासावे. फॉस्फेट किती दिवसांनी नळीच्या खालून बाहेर पडू लागते, लोखंड किती सुटते आणि खडी कधी चोंदते, हे तीन आकडे नोंदवावेत. इचलकरंजीच्या रंगाच्या पाण्यावर तीच खडी लावून पाहायची असेल, तर चौथा आकडा टनाचा: केंद्राच्या फाटकातून रोज किती ओला गाळ बाहेर पडतो आणि रांजणगावला पोचेपर्यंत त्याचे किती रुपये होतात.